उंबरोशीची सभा दारात का बसते

साहेब, घड्याळाकडे बघू नका. सभा मोडलेली नाही, उठून चालू लागली आहे, एवढंच. आमच्या उंबरोशीला आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी वर्षाची सभा भरते आणि ती एका जागी बसून कधी पुरी होत नाही. देवळापुढे सगळे जमतात, कोतवाल घराघराचं नाव पुकारतो आणि ज्या घरचं कोणीच आलेलं नसेल, त्या घराकडे सगळी सभा उठून जाते. सरपंच, सदस्य, म्हातारेकोतारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, आणि तुमच्यासारखे अधिकारी आले असतील तर तेही. त्या दारात सतरंजी पडते. घरात कोणी आजारी असेल तर त्याच्या अंथरुणापाशी जाऊन विचारतात. कोणी रुसून बसला असेल तर त्याचा रुसवा निघेपर्यंत बसून राहतात. दाराला कुलूप असेल आणि माणूस मुंबईला असेल, तर पोरं फोन लावतात आणि मोठ्या आवाजावर ठेवून सांगतात, "काका, सभा तुमच्या दारात बसलीया, काय ते बोला." मागे एकजण कामावर होता, मालकाच्या भीतीने कुजबुजत बोलत होता, आणि इथे अख्खं गाव श्वास धरून त्याची कुजबुज ऐकत होतं.

तुमच्या कायद्यात माणसं कमी पडली तर सभा तहकूब होते. बरं आहे ते, सुटसुटीत. आमच्याकडे मात्र माणूस आला नाही तर सभाच माणसाकडे जाते. माझे गुडघे आता वरच्या आळीची चढण मानत नाहीत, म्हणून तुम्हाला घेऊन मी इथे तळ्याच्या बांधावर बसले. सभा वरची घरं करून याच वाटेने खाली येईल. मी या गावची लेक. नशिबाने माहेरीच राहावं लागलं, म्हणून लहानथोर सगळे मला आत्या म्हणतात. एकदा सरपंचही होते. तेव्हा सांगायचा मला हक्क आहे, आणि तुम्हाला ऐकायला वेळही आहे.

हा बांध बघा, आणि त्याच्या टोकाची ती खिंड बघा. दोन्ही बाजूंना घडीव दगड आहेत आणि त्या दगडांत उभ्या खाचा आहेत. त्या खाचांत एकेकाळी लाकडी फळ्या आडव्या बसवत, एकीवर एक. आता तिथे काही नाही. पावसाळ्यात तळं चढत चढत तिथवर येतं आणि पाणी वाहून जातं, त्यामुळे आमचं तळं काठोकाठ भरलेलं कोणी पाहिलेलं नाही. नवीन येणारा प्रत्येक इंजिनिअर सांगतो, आत्याबाई, इथे दार बसवा, खालची सगळी शेतं दुबार होतील. खरंच आहे त्याचं. आम्हाला काय कळत नाही? पण आम्ही बसवत नाही. त्या खिंडीला आम्ही गुणाजीची मोकळ म्हणतो. सभा दारोदार का फिरते आणि ही मोकळ उघडी का, या दोन्हीचं मूळ एकच आहे.

फार जुनी गोष्ट. कोणाचं राज्य होतं, ते कोणी सांगत नाही. तेव्हाही वर्षाची सभा आखितीच्या दुसऱ्या दिवशीच भरे आणि तेव्हाही तिथे वर्षाची कामं वाटली जात. त्यांत दोन कामं अशी होती की ती कोणालाच नको असत. एक देवीची कावड. आमच्या उंबरजाईच्या वर्षाच्या स्नानासाठी खालच्या नद्यांच्या संगमावरून पाणी आणावं लागे. कावड घेऊन निघणारा सभेच्या आदल्या दिवशी घाट उतरे आणि सभा उठून गेल्यावर गावात पोचे. दुसरं काम बांधराखणीचं. पावसाळाभर या बांधावर खोपट बांधून राहायचं, आणि पाणी फार चढलं की खिंडीतल्या फळ्या काढून वाट द्यायची. फळीच्या दोन्ही टोकांना दोर असे. दोन माणसांनी दोन बाजूंना उभं राहून एकदम ओढलं तरच फळी सरळ वर येई. एकाने ओढली की ती तिरकी होऊन खाचेत अडकून बसे. म्हणून बांधावर पाळीपाळीने दोन घरची दोन माणसं राहत. जळवा, थंडी, ताप आणि वर गावाचे टोमणे. घरी जेवण उशिरा झालं तर माणूस बायकोवर चिडतो, इथे तर तेही मिळायची पंचाईत.

पाळी म्हटली की भांडण आलंच. माझी नाही, तुझी आहे. मागल्या खेपेला माझा भाऊ गेला होता. माझ्या पाळीला अधिक मास आला होता. सभा भांडणातच बुडे, आणि ज्यांना भांडायचं नसे ते सभेला यायचेच बंद झाले. तेव्हाचे पाटील हैबती. माणूस वाईट नव्हता, असंच सगळे सांगतात. कोणाचं शेत बळकावलं नाही, कोणाच्या चुलीत पाणी ओतलं नाही. त्यांना फक्त भांडण सोसत नसे. त्यांनी एक युक्ती काढली. सभेत जे घर नसेल, त्याच्या गळ्यात ही दोन्ही कामं. "असेल त्याला मान, नसेल त्याला काम." गावाने टाळ्या पिटल्या म्हणे. साप मेला आणि काठीही मोडली नाही.

हसू नका साहेब, तुमच्या हापिसातही हेच चालतं. मी पंचायत समितीच्या बैठकांना जात होते, मला माहीत आहे. जो चहाला बाहेर गेला, तोच परत येईपर्यंत समितीचा सचिव झालेला असतो.

पहिल्याच वर्षी सगळं गाव सभेला हजर. तापाने फणफणलेले घोंगडी पांघरून आले. कावडीला गेलेल्याच्या घरून त्याचा भाऊ येऊन बसला. फक्त गुणाजी धनावडे आला नाही, आणि त्याच्या घरात दुसरा पुरुष नव्हता. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि तो साळूला, म्हणजे त्याच्या बायकोला, माहेराहून आणायला गेला होता. आधी जायला हवं होतं, पण सासऱ्याने दोन दिवस जास्त ठेवून घेतलं. सभेत काय खसखस पिकली असेल, ते सांगायला नको. नवरीच्या पायगुणाने गुणाजीला दोन दोन मान मिळाले, असं म्हणत लोक घरी गेले. गुणाजी परतला, त्याने ऐकलं आणि तोही हसला. एका वर्षाचं तर काम, असं त्याला वाटलं.

आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही. पुढच्या वर्षीची सभा आली. देवीची कावड कोणाकडे? गुणाजीकडे. मग सभेच्या दिवशी गुणाजी कुठे? संगमावर. सभेत कोतवालाने पुकारलं, कोणतं घर नाही? गुणाजी धनावड्याचं नाही. मग नेमाप्रमाणे पुढच्या वर्षाची कावड गुणाजीला आणि बांधही गुणाजीला. तो गावाच्याच कामाला गेला होता म्हणून गैरहजर, आणि गैरहजर म्हणून पुन्हा गावाचं काम. त्याच्या पुढच्या वर्षी तेच, त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. घाण्याचा बैल कसा, चालतो चालतो आणि तिथेच असतो, तसं झालं. बांधावर माणसं दोन लागत, पण गैरहजर घर एकच, म्हणून माणूसही एकच. नेम होता ना! बाकी सगळं गाव हजर, भांडण नाही, तंटा नाही. पाटील पंचक्रोशीत सांगत फिरत, की आमच्यासारखी भरगच्च सभा कुठे होत नाही.

कोणालाच दिसलं नाही का, असं तुम्ही विचाराल. दिसत होतं हो सगळ्यांना. पण बांधावर दुसरा माणूस हवा, असं सभेत जो बोलेल, त्यालाच पाटील म्हणणार, बरं, मग तू जा. म्हणून जो तो जमिनीकडे बघून काडीने माती उकरत बसे. गाव करील ते राव करणार नाही म्हणतात ना, ते चांगल्याइतकंच वाईटालाही खरं आहे. एकट्या माणसाला जे करायला लाज वाटली असती, ते सगळ्यांनी मिळून केलं आणि कोणालाच लाज वाटली नाही.

एका पावसाळ्यात गुणाजीचा हात फळीखाली सापडला. हात बरा झाला, पण पकड गेली. त्याने साळूला एवढंच सांगितलं, की सभेत एकदा मला उभं राहून बोलायचं आहे. फार काही नाही, बांधावर दोन माणसं लागतात, एवढंच बोलायचं आहे. साळू म्हणाली, मग बोला. तो म्हणाला, कधी बोलू? त्या दिवशी मी घाटात असतो.

म्हणून त्या वर्षी साळू सभेला गेली. तोवर या गावात बाई सभेला आलेली नव्हती. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती देवळापुढच्या उंबराच्या झाडापलीकडे उभी राहिली. कामं वाटून झाली, कावड आणि बांध पुन्हा गुणाजीच्या नावावर पडले, आणि पाटील उठणार तेवढ्यात ती बोलली.

"आमच्या घरचं एक मागणं हाय. बांधावर दोन माणसं लागत्यात."

पाटलांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "गुणाजीला म्हणावं, सभंत यून बोल."

"त्यो तुमच्याच देवीची कावड आणाया गेलाय."

"मग फुडल्या वर्साला बोलंल."

"फुडल्या वर्साची कावड बी आत्ताच त्येच्या गळ्यात घाटली न्हवं तुम्ही?"

लोक हसले. तिच्यावर नव्हे, पाटलांवरही नव्हे, उगाच. कोणीतरी मागून म्हणालं, "नेम त्यो नेम. ज्येचं घर न्हाई, त्येला काम."

"पर मी हाय की. आमच्या घरची मी उभी हाय हितं."

तेव्हा पाटलांनी तिच्याकडे बघितलं आणि अगदी सौम्यपणे सांगितलं म्हणे, "बाई, बायकांची हजेरी धरत न्हाईत."

झालं. समोर माणूस उभा आहे आणि गाव म्हणतं, तू नाहीस. साळू घरी गेली. दिवेलागणीला गुणाजी कावड घेऊन आला, देवीला पाणी पडलं, प्रसाद वाटला, आणि त्याने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "बोलले. कुणाला ऐकू गेलं न्हाई."

त्या वर्षीचा पाऊस अजून आमच्याकडे बोलण्यात येतो. आषाढ सरत आला तरी उघडीप नव्हती. एके दिवशी दुपारी पाणी फळ्यांच्या वरच्या काठाला लागलं. गुणाजीने वरच्या फळ्या कशाबशा काढल्या. खालच्या पाण्याने फुगून खाचेत बसल्या होत्या. एका बाजूचा दोर ओढला की दुसरी बाजू रुतायची. बांध फुटला असता तर खालची आळी, देऊळ आणि शेतं, सगळं एका घटकेत गेलं असतं. त्याने खोपटातलं शिंग काढलं आणि फुंकलं.

शिंग घराघरात ऐकू गेलं. पुन्हा सांगते, साहेब. घराघरात ऐकू गेलं. दुपारची वेळ, पावसामुळे सगळे पुरुष घरातच. जो तो दारात आला आणि त्याने समोरच्या दाराकडे बघितलं. समोरचा त्याच्याकडे बघत होता. तू जातोस का, असं कोणी विचारलं नाही. बांधाला गुणाजी आहे, त्याचं काम आहे ते, असं मनाशी म्हणून एकेकजण आत वळला. वाईट मनाने नव्हे. इतकी वर्षं ते काम त्याचंच होतं, आणि आपलं नाही ते काम माणसाला दिसतच नाही.

धावली ती एकटी साळू. ती वर पोचली तेव्हा बांधावरून पाणी ओघळायला लागलं होतं. तिने पलीकडचा दोर धरला, गुणाजीने अलीकडचा. फळी हलली, पण सुटेना. त्याच्या हाताला पकड नव्हती आणि तिच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. तेव्हा गुणाजीने आपल्या बाजूचा दोर दगडाला वेढला, पहार घेतली आणि तो खिंडीत उतरला, खालून फळीला टोला द्यायला. साळू ओरडली, "उतरू नगा! गावाला येऊ द्या!" तो वर बघून म्हणाला, "कोण येतंय, साळे? तू दोर सोडू नगंस."

तिने दोर सोडला नाही. फळी फुटली, तिच्यामागून सगळं पाणी एकदम आलं, आणि गुणाजी त्या पाण्यात गेला. तळहाताची सालं निघाली तरी ती दोर धरून उभी होती. त्या दोराच्या टोकाला काही उरलेलं नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

बांध वाचला. गाव वाचलं. खिंडीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज खाली ऐकू आला तशी लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. गुणाजीनं वाट दिली, असं म्हणून पानं वाढून घेतली आणि जेवले. साळू ओढ्याच्या काठाकाठाने खाली जात होती आणि गाव जेवत होतं. गुणाजी सापडला नाही. म्हणे तो थेट संगमापर्यंत गेला, जिथून तो दरवर्षी पाणी आणत असे. मला ते ऐकवत नाही. लोकांना गोष्ट गोड करून घ्यायची सवयच असते.

त्याचं दिवसकार्य गावाने केलं. चांगलं केलं, असं सांगतात. सगळे रडले. पण काय चुकलं, याचा उच्चार कोणी केला नाही. पावसाचा कोप, असंच बोलत राहिले. फुटून वाहून गेलेल्या फळ्यांच्या जागी सुताराने नव्या तासून बसवल्या.

पुढची आखिती आली. दुसऱ्या दिवशी देवळापुढे सभा बसली. नेहमीसारखीच भरगच्च. कोतवालाने घरं पुकारली. पाटलांनी दरवर्षीसारखं विचारलं, "कोणतं घर न्हाई?"

आणि कोतवाल, बिचारा, सवयीनेच बोलून गेला, "गुणाजी धनावड्याचं."

पाटील तेवढ्याच सवयीने म्हणाले, "मग फुडल्या वर्साची कावड आन बांध गुणाजी..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

काही लोक सांगतात की त्याच क्षणी देवळातला नंदादीप विझला. काही म्हणतात, उंबरावरची सगळी पाखरं एकदम उडाली. असतील उडाली. मी सांगते, पाखरांची काही गरज नव्हती. आपण काय बोललो ते आपल्याच कानांनी ऐकलं, की पुरे होतं माणसाला. मेलेल्या माणसाला गावाने पुन्हा बांधावर बसवलं होतं. कोणी हसलं नाही. काडीने माती उकरणारे हात थांबले. देवीची कावड आणायला त्या वर्षी कोणी गेलंच नव्हतं, हेही तेव्हाच सगळ्यांच्या ध्यानात आलं. ते काम गुणाजीचं, असं जो तो धरून चालला होता.

हैबती पाटील उठले. पायात काही न घालता साळूच्या घराकडे चालू लागले. कोणी कोणाला चला म्हटलं नाही, पण सभा त्यांच्यामागून निघाली आणि साळूच्या अंगणात जाऊन बसली. दार उघडंच होतं. आत साळू दळत होती. गाव येऊन बसलं तरी जातं थांबलं नाही. तिने सुपातलं सगळं धान्य दळून संपवलं. ऊन कलायला लागलं, पण उठायची कोणाची छाती झाली नाही. मग ती पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली.

"काय काम काढलं?"

पाटलांनी पागोटं काढून उंबऱ्यावर ठेवलं. पण ते बोलायच्या आत तीच बोलली.

"बांधावर दोन माणसं लागत्यात. त्येला सभंत एवढंच बोलायचं हुतं. आज सभा दारात आलीया, म्हणून सांगितलं."

"लागत्यात," पाटील म्हणाले. "खरं हाय. आमी चुकलो, साळूबाई. सगळं गाव चुकलं. आमाला माफी दे."

असं सांगतात की साळूने त्या पागोट्याला हात लावला नाही. रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "माफी माज्याकडं मागू नगा. मला तुम्ही सभंत धरलीच न्हवती. त्येच्यावर काम घाटलं ते त्येच्या माघारी. आता माफी बी त्येच्या माघारीच घ्याया आलाय व्हय? त्यो असंल तवा मागा."

एवढं बोलून ती आत गेली. पागोटं उंबऱ्यावरच राहिलं. पाटलांनी ते पुन्हा कधी डोक्याला लावलं नाही म्हणे.

त्या दिवशी त्या अंगणात गावाने उंबरजाईची आण घेतली. यापुढे कोणाच्या माघारी कोणाबद्दल काही ठरवायचं नाही. जो आला नाही, त्याच्याकडे सभेने जायचं. घरची बाई आली तर घर आलं. आणि बांधाच्या खिंडीत पुन्हा फळी बसवायची नाही, म्हणजे पुन्हा कोणाला तिथे राखण बसावं लागणार नाही. पाणी कमी मिळालं तर कमी पिकवू. सुताराने तासून बसवलेल्या नव्या फळ्या त्याच संध्याकाळी काढून देवीपुढे होळीसारख्या जाळल्या. पुढे कितीतरी उन्हाळे गावाने घोटभर पाण्यावर काढले, माणसं पोटासाठी गाव सोडून गेली, पण मोकळ बुजवली नाही.

साळू त्यानंतर बरीच वर्षं जगली. दरवर्षी सभेला यायची, पुढे बसायची आणि गावाच्या कामात बोलायचीही. स्पष्ट बोलायची, म्हणतात. लोकांना वाटलं, कधीतरी तिचं मन विरघळेल. म्हणून दरवर्षी सभेच्या सुरुवातीला पाटील विचारत, "साळूबाई, माफीचं काय?" आणि साळू सांगे, "त्यो आला न्हाई अजून." पुढे हैबती गेले, साळूही गेली. तिच्या पोटी कोणी नव्हतं. घर पडलं, जोतं राहिलं. आता माफी मागायची कोणाकडे? मागणारेही गेले आणि देणारीही गेली.

मी सरपंच होते त्या साली तुमच्यासारखेच एक साहेब आले होते. भला माणूस. त्यांनी गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "आत्याबाई, एकमताने ठराव करा आणि संपवा एकदाचं. गावाला माफी मिळाली, असं धरून चालू." मला पटलंही होतं. किती पिढ्या हे ओझं वाहायचं? मी सभेपुढे मांडलं. हात वर व्हायला लागले. तेवढ्यात नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून पुढे येऊन मला म्हणाली, "आत्या, आपण कुणाच्या माघारी काही ठरवत नाही ना? मग गुणाजीच्या माघारी हे कसं ठरवायचं?" वर आलेले सगळे हात खाली गेले. माझाही गेला.

तेव्हा आता उठा, साहेब. ते बघा, लोक वरून उतरायला लागले. राहिलेली घरं झाली, आता सगळे इकडेच येतील. बांधाच्या पलीकडे बाभळीखाली दगडांची रास दिसते ना, तेच साळूच्या घराचं जोतं. आजही सभा शेवटी तिथे जाऊन बसते. आजही कोतवाल उभा राहून पुकारतो, "गुणाजी धनावड्याच्या घरचं कुनी हाय का?" मग सगळे गप्प बसतात. तुम्हीही बसा. फोन बंद ठेवा. थोड्या वेळाने सरपंच उठून सांगतात, "धनी हजर न्हाईत. माफीचा विषय फुडल्या सभंला." आणि मगच आमच्या वर्षाच्या कामांना हात लागतो.

तेवढा वेळ आमच्यातलं कोणी मान वर करत नाही. लोकांना वाटतं, कोणी 'हाय' म्हणेल याची आम्ही वाट बघतो. मी इतकी वर्षं तिथे बसते, मला विचारा. खरंच कोणी 'हाय' म्हणालं, तर माफी मागायला तोंड कुठलं आणायचं, या भीतीने आम्ही बसलेलो असतो.